यादीतला पहिला पर्याय

मी सोलापूर जिल्ह्यात, सांगोला तालुक्यात कनिष्ठ महाविद्यालयावर गणित शिकवतो. बारावी विज्ञानाची मुले सीईटी देऊन मोकळी झाली की अभियांत्रिकीच्या प्रवेशाचे अर्ज भरायला आमच्याकडे येतात. बरोबर कधी वडील असतात, कधी मामा, कधी पुण्यात नोकरी करणारा चुलतभाऊ. ही प्रक्रिया राज्याचा सीईटी कक्ष चालवतो, सगळे ऑनलाइन असते आणि नियमांची पुस्तिका दरवर्षी नवी निघते. मुले ज्या ठिकाणी अडतात त्या जागा मात्र ठरलेल्या आहेत. प्रवेश जितका गुणांवर ठरतो तितकाच तो पसंतीच्या यादीवर ठरतो, आणि पुष्कळ घरांत ती यादी मुलाची नसतेच. कुठे ती भीतीने लिहिलेली असते, कुठे शेजाऱ्याच्या सांगण्यावरून. ज्यांची मुले यंदा अकरावी-बारावीला आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

१. कागदांचे काम अकरावीतच काढा.

जूनमध्ये सेतू केंद्रासमोर रांगा लागतात तेव्हा तहसीलदारांच्या सहीला वेळ लागतो, सर्व्हर थांबतो आणि मुलाचे लक्ष अभ्यासावरून किंवा यादीवरून उडते. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रिमीलेअर यांना मुदत असते, ते प्रवेशाच्या वर्षी काढावे लागतात; नॉन क्रिमीलेअरवर पुढच्या ३१ मार्चपर्यंतची वैधता असली पाहिजे. जातीचा दाखला, डोमिसाइल आणि जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे आपण सगळे ज्याला व्हॅलिडिटी म्हणतो ते, अकरावीतच मार्गी लावता येते.

व्हॅलिडिटीला खरा वेळ जातो तो जुने पुरावे शोधण्यात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीची घराण्यातली जातीची नोंद जात पडताळणी समिती मागते. आमच्या भागात धनगर समाज मोठा. मेंढरांमागे फिरलेले आजोबा शाळेत गेलेलेच नसतात, मग त्यांच्या शाळेचा उतारा कुठून आणायचा? अशा वेळी चुलत आजोबांपैकी कुणी चार यत्ता शिकले होते का ते बघावे, त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेचे जुने प्रवेश-निर्गम रजिस्टर उघडून घ्यावे. तेही नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींची कोतवाल बुके, पाहावीत. त्यात जन्मलेल्या मुलाच्या बापाची जात लिहिलेली सापडते. घराण्यात वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नात्यात कुणाला आधीच व्हॅलिडिटी मिळाली असेल तर काम फार सोपे होते, म्हणून आधी भाऊबंदांत फोन फिरवा. एरवी बांधावरून बोलणे तुटलेले चुलते या एका कागदासाठी एकत्र बसलेले मी पाहिले आहेत.

समितीकडे अर्ज केल्याची पावती दाखवून प्रवेशाची सवलत काही वर्षी मिळते, पण ठरलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र आले नाही तर मुलाला खुल्या प्रवर्गात धरतात आणि मिळालेली जागा धोक्यात येते. त्या सवलतीच्या भरवशावर राहू नये.

सीमेलगतच्या तालुक्यांना आणखी एक गोष्ट सांगतो. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते, आणि सांगोला, मंगळवेढा, जत इथल्या कितीतरी सुनांचे माहेर विजापूरकडे असते. त्यामुळे मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मठिकाण कर्नाटकातले येते. सगळे आयुष्य महाराष्ट्रात गेलेले असूनही हे मूल छाननीत अडकते. याला डोमिसाइल हे साधे उत्तर आहे, फक्त ते आधी काढलेले असावे लागते.

जेईईही देणार असाल तर ओबीसी आणि ईडब्ल्यूएस या दोन्हींचे केंद्राच्या नमुन्यातले दाखले वेगळे लागतात. राज्याचा दाखला तिथे चालत नाही आणि केंद्राचा इथे.

२. बारावी कुठून केली, यावर पुढचे बरेच ठरते.

अकरावीत मुलाला लातूरला घालावे की इथेच ठेवावे, हा विचार करताना घरात फक्त क्लासची चर्चा होते. ज्या विद्यापीठाच्या हद्दीत मूल बारावी होते, ते त्याचे गृह विद्यापीठ ठरते. बहुतेक खासगी कॉलेजांत राज्याच्या कोट्यातल्या ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांसाठी आणि ३० टक्के बाहेरच्यांसाठी, अशी वाटणी चालत आली आहे. सांगोल्यातून बारावी झालेल्या मुलाचे गृह विद्यापीठ पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. २००४ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ एका जिल्ह्यापुरते आहे. म्हणजे पुण्याच्या कॉलेजात आपले मूल बाहेरचे, आणि सांगलीच्या कॉलेजातही बाहेरचेच, कारण सांगली शिवाजी विद्यापीठात येते. हेच मूल लातूरहून बारावी झाले तर ते नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे होते. पुण्याचे सीओईपी किंवा मुंबईचे व्हीजेटीआय यांच्यासारख्या संस्थांत हा भेद नसतो, तिथे राज्यभरातली मुले एकाच यादीत येतात.

दहावी किंवा बारावी राज्याबाहेर झाली असेल, तर उमेदवारीचा प्रकारच बदलतो. दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून झालेला रहिवासी हा ‘अ’ प्रकार. पुढचे प्रकार रहिवासी पालकांच्या, केंद्र व राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी आहेत, आणि शेवटचा ‘इ’ प्रकार बेळगाव, निपाणी अशा वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी. तिकडच्या नातेवाइकांना हा प्रकार आहे हेच कित्येकदा माहीत नसते. त्यांना जरूर कळवा.

३. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत.

९० पर्सेंटाइल पडले म्हणून पेढे वाटणारे आणि तेवढ्यासाठी मुलाला रागावणारे, दोघेही मी पाहतो. पर्सेंटाइलचा अर्थ इतकाच की शंभरातली किती मुले तुमच्या बरोबरीने किंवा मागे आहेत. समजा चार लाख मुले परीक्षेला बसली, तर ९९ पर्सेंटाइलच्या पुढे चार हजार मुले असतात, ९५च्या पुढे वीस हजार आणि ९०च्या पुढे चाळीस हजार. बसणाऱ्यांची संख्या दरवर्षी बदलते, त्यामुळे गेल्या वर्षीचे ९४ आणि यंदाचे ९४ एकच असे धरू नका. गुणवत्ता यादीतला क्रमांक हाती आला की त्याच्यावर बोट ठेवून पुढचा विचार करा.

बारावीच्या गुणांकडे सरसकट दुर्लक्ष करण्याची साथ आली आहे. भौतिक, रसायन आणि गणित यांत मिळून ४५ टक्के, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४० टक्के, हे पात्रतेसाठी लागतातच. सीईटीत चांगले पर्सेंटाइल पडूनही बारावीच्या गुणांमुळे दारातून परत फिरलेले मूल पाहणे फार कठीण असते.

४. कटऑफची यादी अक्षरे ओळखून वाचा.

गेल्या वर्षांच्या कटऑफच्या याद्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मिळतात. त्यात जी-ओपन-एच, एल-ओबीसी-ओ अशी अक्षरांची गाठोडी असतात. पहिले अक्षर जी असेल तर ती जागा मुलगा-मुलगी दोघांना, एल असेल तर फक्त मुलींना. मुलींसाठी ३० टक्के जागा राखून असतात. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचे एच म्हणजे गृह विद्यापीठ, ओ म्हणजे बाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. मुलीने जी आणि एल दोन्ही ओळी पाहाव्यात. राखीव प्रवर्गातल्या मुलाने आपल्या प्रवर्गाची ओळ आणि खुली ओळ, दोन्ही पाहाव्यात, कारण खुल्या जागा गुणवत्तेवर सगळ्यांसाठी असतात.

जागावाटप फेऱ्यांनी होते; पहिल्या फेरीचा आणि शेवटच्या फेरीचा कटऑफ शेजारी ठेवून बघा. एखाद्या शाखेत तो फेरीगणिक बराच खाली येतो, एखादीत जागचा हलत नाही. कुठे थांबण्यात अर्थ आहे, हे त्यावरून कळते.

५. यादी आवडीच्या क्रमानेच लिहा.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त कळकळीने सांगायचे आहे ते हे. गुणवत्ता यादी लागली की मूल पर्याय अर्ज भरते. त्यात कॉलेज आणि शाखा मिळून एक पर्याय, असे ३०० पर्यंत पर्याय देता येतात. माझ्यासमोर बसलेल्या बहुतेक पालकांचे पहिले वाक्य असते, “सर, जे पदरात पडंल तेच वर टाका. पुढचं पुढं बघू.” त्यांना वाटते की मोठे कॉलेज वर लिहिले आणि ते मिळाले नाही, तर खालचेही हातचे जाईल. काहींना असेही वाटते की कॉलेजवाले ‘आम्हाला पहिली पसंती कुणी दिली’ ते बघून जागा देतात.

दोन्ही समज चुकीचे आहेत. जागावाटप संगणक करतो आणि त्याची रीत सरळ आहे. गुणवत्ता यादीतल्या पहिल्या मुलापासून सुरुवात होते. त्याची यादी वरून खाली वाचली जाते आणि त्याला लागू पडणारी पहिली शिल्लक जागा त्याला मिळते. मग दुसरा, मग तिसरा. तुमच्या मुलाची पाळी येते तेव्हा त्याच्या यादीतले वरचे पर्याय भरलेले असतील तर संगणक खाली सरकतो. वरचे पर्याय हुकल्याची कोणतीही शिक्षा खालच्या पर्यायाला होत नाही. एखादे कॉलेज तुमच्या मुलाने ४०व्या क्रमांकावर लिहिले असेल आणि मागच्या क्रमांकाच्या मुलाने ते पहिल्या क्रमांकावर लिहिले असेल, तरी तुमच्या मुलाची पाळी आधी येते आणि जागा त्याला मिळते. तालुक्याच्या बाजारात शेंगा मोजून घ्यायला रांगेत उभे राहावे तसे हे आहे: रांगेतला नंबर गुणांनी ठरतो, आणि पाळी आल्यावर काय मागायचे हे आपण ठरवायचे.

म्हणून वरच्या भागात मनापासून हवे असलेले पण कटऑफच्या थोडे पलीकडचे पर्याय बिनधास्त लिहावेत. मधल्या भागात गेल्या वर्षीच्या कटऑफला जुळणारे. खाली असे पर्याय जे नक्की मिळतील आणि मिळाले तर मूल खरेच जाईल. हे शेवटचे अर्धे वाक्य महत्त्वाचे. जिथे जायचेच नाही ते कॉलेज नुसती यादी भरावी म्हणून लिहू नका.

एका मुलीचे उदाहरण सांगतो. चांगले पर्सेंटाइल, गणित उत्तम. वडिलांनी घराजवळचे कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकायला लावले, म्हणाले, हे तर मिळेलच, मग निवांत. ते मिळाले. ते पहिल्या क्रमांकावर असल्यामुळे तिथेच तिचा प्रवेश पक्का झाला आणि पुढच्या फेऱ्यांचे दार बंद झाले. फेऱ्या संपल्यावर तिने कटऑफ पाहिले, तर तिला हवे असलेले कॉलेज तिच्यापेक्षा बऱ्याच मागच्या क्रमांकावर थांबले होते. ती मुलगी शिकली, नोकरीला लागली, तिचे चांगले झाले. तरीही ज्या जागेवर तिचा हक्क होता ती केवळ यादीतल्या क्रमामुळे गेली, याचे मला आजही वाईट वाटते.

६. वरचे काही क्रमांक हे वचन असते.

पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, तर प्रवेश आपोआप पक्का होतो. याला सगळे ऑटो फ्रीझ म्हणतात. २०२५च्या प्रवेशात फेऱ्या तीनच्या चार झाल्या आणि ही अट वाढली: दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काहीही मिळाले तर ते घ्यावेच लागते, नाकारले तर पुढच्या फेऱ्यांत जागा नाही. पुस्तिका दरवर्षी नवी असते, तेव्हा आपल्या वर्षीची अट स्वतः वाचा. वरचे सहा पर्याय लिहिताना प्रत्येकासमोर मुलाला एकच प्रश्न विचारा, “हे मिळालं तर आनंदाने जाशील का?” मूल क्षणभर जरी घुटमळले, तरी तो पर्याय खाली न्या.

खालचा पर्याय मिळाला असेल तर जागा स्वीकारून, हजार रुपये भरून, पुढच्या फेरीत अधिक चांगल्यासाठी थांबता येते. पण पुढच्या फेरीत नवे काही मिळाले की आधीची जागा त्याच क्षणी जाते, परत मागता येत नाही. म्हणून दुसऱ्या फेरीच्या यादीत हातातल्या जागेपेक्षा कमी आवडीचे काही लिहू नका. गेल्या फेरीची ३०० पर्यायांची यादी तशीच्या तशी पुन्हा टाकणारे दरवर्षी भेटतात आणि त्यांतले काही जण मिळालेली चांगली जागा सोडून साधारण जागेवर जाऊन बसतात.

अर्ज भरून ‘कन्फर्म’ करायचे राहू देऊ नका. पक्का न केलेला अर्ज वाटपात धरतच नाहीत.

७. पासवर्ड आणि ओटीपी घराबाहेर जाऊ देऊ नका.

निकालानंतर काही कॉलेजांची माणसे गाड्या घेऊन वाड्यावस्त्यांवर येतात. बोलायला गोड असतात, “अण्णा, फॉर्म आम्ही फुकट भरतो, हेलपाटा वाचेल,” म्हणतात. पहिल्या वर्षी बसभाडे माफ, पुस्तके फुकट, असेही सांगतात. शेतकऱ्याला हंगामाच्या दिवसांत हेलपाटा वाचण्याचे मोल असते, तो मोबाइल पुढे करतो. मग यादीत पहिल्या क्रमांकावर कोणते कॉलेज लिहिले गेले, हे घरात कुणालाच माहीत नसते. ऑटो फ्रीझच्या अटीमुळे ते एकदा मिळाले की मूल बांधले जाते. नेट कॅफेत अर्ज भरला तरी हेच. लॉगिन मुलाच्याच हातात हवे, नोंदवलेला मोबाइल क्रमांक घरचाच हवा आणि पक्क्या केलेल्या यादीची छापील प्रत घरी आणून सर्वांसमोर वाचायला हवी. सारखी नावे असलेली कॉलेजे आणि शाखा पुष्कळ आहेत, तेव्हा नावापेक्षा चॉईस कोड ताडून पाहा.

८. शाखा निवडताना मुलाचे हात बघा.

सगळ्यांना कॉम्प्युटर हवे असते. मुलाला ते खरेच हवे असेल तर उत्तमच. पण आमच्या पट्ट्यात डाळिंबाच्या बागा आहेत, ठिबक आहे, विहिरींवर मोटारी आहेत आणि त्या दुरुस्त करत वाढलेली मुले आहेत. एक मुलगा अख्ख्या वस्तीचे स्टार्टर दुरुस्त करायचा. त्याला इलेक्ट्रिकल हवे होते, वडिलांना कॉम्प्युटर, कारण मामाचा मुलगा कॉम्प्युटरवर पुण्याला गेला होता. मी त्या दोघांना समोरासमोर बसवले आणि मुलाला म्हटले, तुला काय शिकायचे आहे ते यांना समजावून सांग, मी मध्ये बोलणार नाही. तो ट्रान्सफॉर्मरबद्दल, सौर पंपांबद्दल बोलत राहिला. वडिलांनी आपल्या मुलाला इतका वेळ बोलताना बहुधा पहिल्यांदाच ऐकले असावे. यादीत इलेक्ट्रिकल वर गेले, आणि त्या क्रमांकावर त्याला कॉम्प्युटरपेक्षा कितीतरी चांगले कॉलेज मिळाले. कॉम्प्युटरच्या मागे सगळे धावतात तेव्हा दुसऱ्या शाखांत जुन्या, भक्कम संस्थांची दारे उघडी राहतात. सीओईपी १८५४ची, व्हीजेटीआय १८८७ची, सांगलीचे वालचंद १९४७चे. त्यांच्या प्रयोगशाळा आणि तिथून बाहेर पडलेल्या पिढ्या यांचा फायदा कोणत्याही शाखेच्या मुलाला होतो. कापडाची आवड असलेल्या मुलाला इचलकरंजीच्या डीकेटीईचे नाव कुणी सांगतच नाही, आणि सोलापूर तर चादरींचा जिल्हा!

शक्य असेल तर यादी पक्की करण्याआधी दोन-तीन कॉलेजे पाहून या. प्रवेश कक्षातल्या माणसापेक्षा तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा: प्रात्यक्षिके खरेच होतात का, गणित कोण शिकवते, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते. नोकऱ्यांची जाहिरात वाचताना सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा सोडून द्या आणि आपल्या शाखेतली किती मुले लागली, साधारण मुलाला काय मिळाले, ते विचारा.

९. फीचा हिशेब यादीच्या आधी मांडा.

खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ती जाहीर असते. त्यापलीकडे कुणी पैसे मागत असेल तर ते देणगी आहे, आणि तिला बंदी करणारा कायदा राज्यात १९८७ पासून आहे. १९८३ साली वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली म्हणून आमच्यासारख्या भागांत अभियांत्रिकी पोचली, हे खरे. म्हणून फीकडे डोळे मिटून पाहावे असे मात्र नाही.

शासकीय फेऱ्यांतून झालेल्या प्रवेशालाच शिष्यवृत्त्या लागू होतात. संस्था स्तरावरच्या जागेवर गेलात तर बहुतेक सवलती जातात, हे पैसे भरण्याआधी कळायला हवे. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ट्यूशन फी वेव्हरच्या जागा बघा. त्या मंजूर जागांवर ५ टक्के जादा असतात, शिक्षण शुल्क पूर्ण माफ असते आणि त्यांचा चॉईस कोड वेगळा असतो. तो वेगळा कोड यादीत लिहिला नाही तर ती जागा मिळणारच नाही. कटऑफ मात्र चढा असतो. खुल्या प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आतल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज योजनेत निम्मे शिक्षण शुल्क परत मिळते, आणि बाहेरगावी राहणाऱ्यांना डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. हे अर्ज महाडीबीटीवर दरवर्षी नव्याने भरावे लागतात आणि बँक खाते आधारशी जोडलेले लागते.

१०. मुलीची यादी अंतर मोजून कापू नका.

जुलै २०२४च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळाली. आधी ती निम्मी होती. हा निर्णय झाला तेव्हा मला वाटले, आता आमच्या मुली पुण्या-मुंबईच्या याद्या भरतील. काहींनी भरल्या. पण पुष्कळ घरांत फीचा प्रश्न सुटल्यावर त्याच्यामागे दडलेला प्रश्न वर आला. “पोरगी पुण्यात कुणाच्या भरवशावर ठेवायची?” हा प्रश्न बहुतेक वेळा वडील विचारतात, आणि आई गप्प बसते. मुलगी माझ्याकडे बघते.

या प्रश्नाला भाषणाने उत्तर देता येत नाही आणि वडिलांची काळजी खोटीही नसते. माझा अनुभव असा, की आईला वसतिगृह दाखवायला न्यावे. वडील कॉलेजची इमारत बघून येतात, आई वॉर्डनला प्रश्न विचारते: रात्री दार किती वाजता लावता, पाणी किती वेळ असते, मेसमध्ये भाकरी असते का, पोरगी आजारी पडली तर फोन कोण करते, सुट्टीत स्वारगेटपर्यंत कोण सोडते. याची सरळ उत्तरे देणारी वॉर्डनबाई भेटली की परतीच्या एसटीतच निम्मा निर्णय झालेला असतो. आपल्या तालुक्यातली एखादी मुलगी त्या वसतिगृहात आधीपासून राहत असेल, तर तिचीही भेट घडवून आणा. तिच्या आईचा फोन नंबर घेऊन ठेवा. दोन आयांचे बोलणे झाले की मी वेगळे काही सांगायची गरज उरत नाही.

वसतिगृहाचा अर्ज बहुतेक ठिकाणी प्रवेशाच्या अर्जापेक्षा वेगळा असतो आणि त्याची मुदत फेऱ्यांच्या तारखांशी जुळेलच असे नाही. सरकारी कॉलेजांच्या वसतिगृहांत जागा थोड्या असतात, त्यातही गुणवत्तेने देतात. वॉर्डनला भेटाल तेव्हाच ती तारीख, लागणारे कागद आणि अनामत रक्कम लिहून घ्या. समाजकल्याण खात्याच्या मुलींच्या वसतिगृहाचा अर्जही त्याच आठवड्यात भरून टाका, कारण एकीकडे जागा नाही मिळाली तर दुसरीकडे विचारायला तेव्हा उशीर झालेला असतो.